डब्यानंतर कुणी नाही

ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या आमच्या ओबरलान गावात दोन माणसांचं बिनसलं तर ती आरडाओरडा करत नाहीत. आरडाओरडा डोंगरापलीकडच्या इटालियनांनी करावा, त्यांच्याकडे ऊन असतं. आमच्याकडे अबोला धरतात. थोरल्या माग्डालेनानं एका कोंबडीवरून शेजारणीशी अबोला धरला, तो सोडला शेजारणीच्या मयताच्या दिवशी. तोही शवपेटीवर वाकून "माझीच होती कोंबडी" एवढं सांगण्यापुरता.

अशा गावातही बुर्गलच्या घरातला अबोला नावाजलेला होता. तिचा नवरा अँब्रोस रोपवेच्या खालच्या ठाण्यावर, तिचा सख्खा भाऊ कासियान वरच्या. एकाच दोराची दोन टोकं सांभाळत दोघं दहा-अकरा वर्षं काम करत होते आणि त्या काळात एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. दोन्ही ठाण्यांत भिंतीवर काळा फोन होता, हँडल फिरवायचा. त्याला कुणी हात लावत नसे. काम घंटेवर चाले. एक टोल म्हणजे सुरू, दोन म्हणजे बंद. घंटा वाजवणं म्हणजे काही बोलणं नव्हे, हे दोघांनाही मान्य होतं. दोघांनाही मान्य असलेली तेवढी एकच गोष्ट.

आणि एक डबा होता. संध्याकाळी शेवटचा पाहुणा दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून वर निघाला की मागच्या रिकाम्या खुर्चीला बुर्गल कडीचा निळा डबा अडकवायची. त्यात भावाचं जेवण: सूप, आणि सुपात शिळ्या पावाचे, खारवलेलं मांस घातलेले गोळे. कासियान हंगामभर वरच राहायचा, यंत्राच्या खोलीच्या माडीवर. डबा वर आला की मागे कुणी नाही असं समजून तो तांबडं बटण दाबायचा, दोर थांबवायचा आणि जेवायला बसायचा. इतर गावांत शेवटच्या खुर्चीला पाटी लावतात, आमच्याकडे सूप लावायचे. नियम शाळेतल्या पोरांनाही पाठ होता: डब्यानंतर कुणी नाही.

बर्फावरून घसरायचं हे वेड मुळात आमचं नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या आधी कधीतरी दोन इंग्रज साहेब खांद्यावर लांब फळ्या घेऊन पाद्रीबाबांच्या दारात उभे राहिले. गावाला वाटलं, माणसं शहाणी दिसतात, या दिवसांत वर जायचं म्हणजे मरायचंच, म्हणून शवपेटीचं लाकूड बरोबर आणलंय. दोघं वर गेले आणि फळ्यांवर उभे राहून, किंचाळत, जिवंत खाली आले. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला. खानावळवाल्या कुलमरनं घरातल्या खोल्या मोजल्या.

दुसऱ्या युद्धानंतर त्याच कुलमरच्या नातवानं गाव गोळा केलं. या नातू कुलमरला दोन आवाज होते. गावकऱ्यांशी बोलताना गोठ्यातला, पाहुण्यांशी बोलताना देवळातला. तेव्हा त्यानं गोठ्यातला लावला: "अरे, गाई वर चढवता ना उन्हाळ्यात? मग हिवाळ्यात माणसं चढवा! दूध त्यांचंही निघतं!" प्रत्येक घरानं एक माणूस आणि एक घोडा दिला, खांब उभे राहिले, दोर ताणला, आणि एकेका माणसाची एकेक खुर्ची घळीवरून वर जायला लागली. थंडी वाजू नये म्हणून प्रत्येकाला गुडघ्यांवर टाकायला जाड घोंगडी मिळायची. बर्लिनवाले पडले की तक्रार करत. डच पडले की हसत. व्हिएन्नावाले पडतच नसत, कारण ते वरच्या गच्चीत ऊन खात बसत. ही तिन्ही सोंगं पोरं शाळेच्या वाटेवर वठवायची, आणि सर्वांत हुबेहूब वठवायची बुर्गल, स्वतःची चाळिशी उलटल्यावरही.

नक्कल हा तिचा नुसता छंद नव्हता, त्याच्यावर तिचा संसार चालला होता.

भांडणाचं मूळ होतं गवताचं एक कोठार. बुर्गल आणि कासियानच्या बापानं बांधलेलं, नेमकं घसरायच्या उताराच्या मधोमध. एका बर्लिनवाल्यानं त्याच्यावर आपटून पाय मोडून घेतला. मग कुलमर अँब्रोसला म्हणाला, बघ काहीतरी. कासियान त्या वेळी अपेंडिक्स काढायला इन्सब्रुकला गेला होता. अँब्रोसनं बायकोला विचारलं, "तुझंही आहे ना ते अर्धं?" बुर्गल म्हणाली, "आहे. पण कासियानला येऊ दे." त्यानं पहिलाच शब्द ऐकला. एका दिवसात कोठार खाली. लाकूड जुनं, चांगलं मुरलेलं, फुकट कशाला घालवायचं म्हणून त्यातून रोपवेचं खालचं ठाणं उभारलं. कासियान पोटाला टाके घेऊन परतला तर बापाच्या कोठारात मेहुणा खिडकी पाडून बसलेला.

तेव्हापासून बुर्गल दोघांमधली बोलणी वाहत होती. अँब्रोस बोलायचा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा: "सांग त्या बोकडाला, दोर ढिला पडलाय त्याच्या डोक्यासारखा."

बुर्गल वर जाऊन सांगायची, "अँब्रोस म्हणतो, दोर तेवढा बघ बाबा."

कासियान प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा, एकदा समोरच्यासाठी, एकदा स्वतःसाठी. "बघतो म्हणावं. बघतो. कोठार पाडताना नाही विचारलंस, आता दोराचं विचारतोस. चोर आहे. चोर."

खाली येऊन बुर्गल म्हणायची, "बघतो म्हणाला." आणि बघतो हा शब्द इतक्या हुबेहूब भावाच्या आवाजात दोनदा म्हणायची, की अँब्रोसच्या मिशीखाली काहीतरी हलायचं. हसू म्हणता येणार नाही, पण हलायचं. तेवढ्यावर तिची आशा जगत होती, की एक दिवस हे दोघं एका टेबलाशी बसतील.

त्या वर्षी फेब्रुवारीत ती तापानं आडवी झाली. आठवडाभर उठली नाही. अँब्रोसनं तिला चहा करून दिला, पाय शेकले, रात्री उशाशी बसला, सगळं केलं. फक्त वर कळवलं नाही. शेवटच्या खुर्चीला रोज रिकामा डबा अडकवत राहिला.

बरी होऊन ती पहिल्यांदा वर गेली तेव्हा कासियाननं तिच्याकडे पाठ केली. "आठवडाभर रिकामा डबा. रिकामा! त्याच्या बाजूला गेलीस तर तसं सांग. तसं सांग."

"अरे, मी मरत होते!"

"मला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं?"

खाली उतरताना खुर्चीत बुर्गल एकच विचार करत होती. उद्या मी खरंच गेले तर अँब्रोस कासियानला कळवणार कसा? रिकामा डबा पाठवून?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सूप घेऊन खालच्या ठाण्यावर आली. धुकं इतकं दाट की दुसऱ्या खांबापुढे दोर आभाळात शिरल्यासारखा दिसत होता. पाहुणे केव्हाच हॉटेलात गेले होते. अँब्रोस ओल्या घोंगड्या खुंट्यांना वाळत घालत होता. बुर्गलनं समोर आलेल्या खुर्चीला डबा अडकवला, वर्षानुवर्षांच्या सवयीच्या हातानं, आणि मग वळून नवऱ्याला म्हणाली:

"मी वर चालले. राहायला."

"कुठे?"

"भावाकडे. आता मी निरोप पोचवणार नाही आणि सूपही शिजवणार नाही. मी हवी असेन तर फोन उचल आणि त्याला विचार, माझी बायको आहे का तिथे. तेवढे शब्द बोललास की खाली येते."

"वेडी झालीस का?"

"झाले. तुम्ही दोघांनी केलीत. दोन दगडांचं जातं फिरवून फिरवून माझंच पीठ झालंय."

"त्या बोकडाला मी फोन करणार? मी?" बटाटा तोंडात गरगर फिरला. "तो करू दे की! कोठार काय त्याच्या एकट्याचं होतं?"

"माझंही होतं! मी म्हटलं होतं थांब! ते कधी सांगितलंस का त्याला?"

अँब्रोस पुढची घोंगडी झटकायला लागला. खुर्च्या एकामागून एक येत होत्या, वळत होत्या, रिकाम्या वर जात होत्या. डबा कधीच धुक्यात गेला होता. मग त्यानं खुंटीवरची त्यातल्या त्यात कोरडी घोंगडी ओढून तिच्या अंगावर फेकली. "घे. पुन्हा ताप आणशील." आणि ती खुर्चीकडे वळल्यावर ओरडला, "अगं थांब, डबा गेलाय! डब्यानंतर कुणी नाही!"

"मग कळव ना वर, थोडं थांब म्हणावं!" बुर्गल म्हणाली आणि बसली.

खुर्चीनं तिला उचललं तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं. बापाच्या लाकडाच्या चौकटीतल्या त्या खिडकीत अँब्रोस उभा होता, आणि त्याचा हात भिंतीवरच्या फोनवर होता. बुर्गलला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. करतोय. शेवटी करतोय! तिनं घोंगडी गुंडाळली आणि मनातल्या मनात पुढचं संभाषण दोन्ही आवाजांत रचायला लागली. "हॅलो." "कोण? कोण?" "मी." "मी कोण? मी कोण?" ती एकटीच हसली.

घळीवर आल्यावर खुर्ची थांबली.

थांबून पुढेमागे झुलली, मग झुलायचीही थांबली. रोपवे अधूनमधून थांबायचाच, म्हणून तिनं वाट पाहिली. फोनवर बोलताहेत म्हणून थांबवला असेल. बोलणं लांबलं असेल, इतक्या वर्षांचं साठलेलं. मग वरच्या यंत्राची घरघर बंद झाल्याचं तिच्या कानांच्या लक्षात आलं. म्हणजे तांबडं बटण. म्हणजे डबा पोचला. म्हणजे फोन झालाच नव्हता.

हात फोनवर ठेवला होता. उचलला नव्हता.

खाली खडक होते, त्यांच्यावर पातळ बर्फ. उन्हाळ्यात याच घळीत एक गाय पडली होती, ती कुणी वर काढली नाही. उडी मारायचा प्रश्न नव्हता. बुर्गलनं सगळं एकदा नीट लावून पाहिलं, जसं ती दोघांचं बोलणं लावायची. अँब्रोसला वाटतंय, मी कासियानकडे आहे. कासियानला वाटतंय, मी अँब्रोसकडे आहे. एकानं दुसऱ्याला एक प्रश्न विचारला तर सुटेन. आणि हा प्रश्न विचारल्याशिवाय येणार नाही, असं मीच त्याला बजावून आलेय. तो मला ओळखतो. आज विचारणार नाही. बसू दे तिला, म्हणेल. दोन दिवसांनी स्वतःच येईल, म्हणेल. मी त्याच्या जागी असते तरी हेच म्हटलं असतं, त्याच्या आवाजात.

उजेड जायच्या आत ऐकू जावं म्हणून ती हाका मारायला लागली. नुसत्या हाका धुक्यात विरत होत्या, म्हणून तिनं गाईंना बोलवायची लांब तान घेतली, पोटातून घशात आणि घशातून डोक्यात चढणारी. लहानपणी ती कुरणाच्या या टोकावरून त्या टोकाच्या कासियानला अशीच हाक मारायची. तिची तान खोऱ्यात सर्वांत लांब जायची. त्या संध्याकाळीही गेली.

तान खाली पोचली. अँब्रोस स्वयंपाकघरात एकटाच पाव कापत होता. डब्यामागे बोकड एक नजर टाकेलच, अशी स्वतःची समजूत घालून तो घरी आला होता. त्यानं तान ऐकली, डोंगरावरून येणारी, ओळखीची. सुरी खाली ठेवली. वर भावाजवळ बसून मला चिडवतेय, असं तो समजला. लाज नाही बाईला! बोकड टाळ्या पिटत असेल! त्यानं उठून खिडकी लावून घेतली. शेजारच्या घरातला म्हातारा दारातून ओरडला, "अँब्रोस, तुझी बायको आज खुशीत आहे!"

"माहेरी आहे," अँब्रोस म्हणाला.

तान वरही पोचली. कासियान सुपातला पहिला गोळा फोडत होता. आज डबा भरलेला आला होता. चव बहिणीची होती, म्हणजे तिनं माफ केलं होतं. त्यानं तान ऐकली आणि त्याला वाटलं, खाली अंगणात उभी राहून ती त्याला सांगतेय, झालं गेलं विसर. त्याला बरं वाटलं. उत्तर द्यावं असंही वाटलं, पण ते खाली अँब्रोसच्या कानावर गेलं असतं. "ऐकलं गं," तो सुपाला म्हणाला. "ऐकलं."

बुर्गल आवाज फुटेपर्यंत हाक मारत राहिली. मग तिनं घोंगडी डोक्यावरून घेतली.

सकाळी खालून एक टोल आला, वरून एक गेला, यंत्र घरघरलं. कासियान फावड्यानं उतरायची जागा साफ करत होता. एका खुर्चीत घोंगडीचं बोचकं येताना दिसलं. अँब्रोसनं काहीतरी खोडी काढली, असं वाटून तो फावडं टेकवून बघत राहिला. बोचकं जवळ आलं तेव्हा त्याला खाली लोंबणारे बूट दिसले.

त्यानं तिला उचललं. तिला पापण्या उघडता येत होत्या, ओठ नाहीत. तो तिला छातीशी धरून यंत्राच्या खोलीत धावला, शेगडीजवळ ठेवलं, आणि मग, तिच्या डोळ्यांदेखत, भिंतीवरच्या फोनचं हँडल गरागरा फिरवलं.

"अँब्रोस," तो म्हणाला. "तुझी बायको. तुझी बायको."

पलीकडून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही. पण उत्तर आलं, कारण कासियान पुढे बोलत होता, आणि थांबत होता, आणि पुन्हा बोलत होता. दहा-अकरा वर्षं जे ऐकायला तिनं जीव टाकला होता ते ऐकत ती पडली होती, आणि तिला फक्त एवढंच कळत होतं, की पाय शेगडीजवळ असूनही तिचे नाहीत.

इन्सब्रुकच्या दवाखान्यात दोन्ही पायांचे पुढचे भाग काढावे लागले, आणि डाव्या हाताची दोन बोटं. घोंगडी नसती तर ती वाचलीच नसती, असं डॉक्टर म्हणाले. अँब्रोस तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडला.

दोघं रोज यायचे. पहिल्या दिवशी वेगवेगळे, पलंगाच्या दोन बाजूंना.

"तू बघितलं नाहीस? डब्यामागे एक नजर टाकायला काय झालं होतं?"

"धुकं होतं. धुकं! तू फोन का नाही केलास?"

"तू उचलला असतास का?"

कासियाननं तिचं पांघरूण एकदा सारखं केलं, आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी ते एकाच बसनं आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कुलमर आला, हातात संत्र्यांची टोपली आणि गळ्यात देवळातला आवाज.

"बुर्गल, माझी लेक ती! काय भोगलंस! रोपवे तुझा सगळा खर्च करेल, सगळा. फक्त एक गोष्ट, मुली. उद्या पोलीस विचारायला येईल. आता बघ, अँब्रोसनं डब्यानंतर माणूस चढवला असं निघालं तर अँब्रोस तुरुंगात. कासियाननं न बघता थांबवला असं निघालं तर कासियान. आणि ठाणी बंद, हंगाम बंद, सगळं गाव बसलं. त्यापेक्षा तूच चढलीस. अँब्रोस आत होता, त्यानं पाहिलंच नाही. बायकांच्या डोक्यात येतं कधीकधी, त्यात तुला ताप येऊन गेलेला. कुणाचाच दोष नाही."

बुर्गलनं नवऱ्याकडे पाहिलं. तो टोपीची कड बोटांनी मोडत होता.

"तुमचं ठरलंय?" तिनं विचारलं.

"आम्ही बोललो," अँब्रोस म्हणाला.

"बोललो," कासियान म्हणाला. "काल बराच वेळ बोललो."

दुसऱ्या दिवशी पोलीस आला. खालच्या खोऱ्यातला, जाडजूड, सर्दी झालेला. त्यानं आधी दोघांना विचारलं. ते पलंगाच्या एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून बसले होते. अँब्रोसनं सुरुवात केली, अडखळला. राहिलेलं कासियाननं पुरं केलं. कासियान विसरला तिथे अँब्रोसनं शब्द पुरवला. डबा लावून ती घरी गेली असं वाटलं, आत होतो, पाहिलं नाही, धुकं होतं, तापामुळे तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दोघांचं इतकं जुळलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे जन्मभर एकमेकांशीच बोलत आलेत.

"तर बाई," पोलीस नाक पुसत म्हणाला, "तुम्ही स्वतःच चढलात. कुणाला न सांगता."

कासियाननं अँब्रोसच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात बुर्गलला दिसला.

"हो," ती म्हणाली. "कुणाला न सांगता."

पोलीस गेल्यावर अँब्रोस उठून तिच्या उशाशी आला. "बुर्गल," तो म्हणाला, "तू घरी आलीस की आपण तिघं..." कासियान मागून म्हणाला, "तिघं. एका टेबलाशी. एका टेबलाशी."

बुर्गलनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बसची वेळ झाली म्हणून ते निघाले. जिन्यावरून दोघांचे आवाज येत राहिले, एक बटाटा चघळणारा, एक सगळं दोनदा म्हणणारा. तिला दोन्ही तोंडपाठ होते. ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, घरी आणल्यावर नाही, आणि पुढे कधीच नाही, दोघांपैकी कुणाशीच.